आईच्या डब्यातली दुसरी सिस्टिम

माझ्या आईच्या कमरेला एक डबा आहे आणि त्या डब्यात मी लिनक्स टाकलं. हे वाक्य आमच्या अख्ख्या शाळेत दुसरं कुणीच लिहू शकणार नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकलं. पुढचं लिहिताना मात्र हात गार पडतात.

मी ओजस्वी मगदूम, राहणार मिरज, इयत्ता दहावी. माझी आई वर्षाराणी, एसटीत कंडक्टर. मिरज-जत गाडीवर तिचा आवाज असा होता की ड्रायव्हरकाकांना हॉर्न वाजवावा लागायचा नाही. "पुढं सरका, पुढं सरका! दारात काय लग्न लागलंय का?" घरीही तोच पट्टा. बाबांना ती "ए मगदूम" म्हणायची आणि मला "भवाने". दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूच्या तळाशी रक्ताची गुठळी अडकली. ती वाचली, पण शरीर थांबलं. मान थोडी वळते, डोळे हलतात, बस. डोकं मात्र शाबूत. सगळं ऐकते, सगळं कळतं, बाहेर काही येत नाही.

मग आमच्या घरात 'सुवाच' आलं.

त्याचं तंत्र सांगते, अवघड नाही. आपण बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदू ओठांना, जिभेला, घशाला हुकूम सोडतो. आईचे हुकूम सुटत होते, पोचत नव्हते. म्हणून ऑपरेशन करून मेंदूच्या त्या भागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ जाळी बसवली. जाळी ते हुकूम टिपते. कानामागे कातडीवर लोहचुंबकानं चिकटणारी एक चकती असते, ती ते बाहेर घेते आणि वायरीनं कमरेच्या डब्यात पाठवते. डबा म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. पण मेंदूतून येतं ते फार पुसट असतं, रेंज नसलेल्या फोनसारखं. 'प' होता की 'ब', कळत नाही. मग डब्यातली सिस्टिम माइकमधून समोरच्याचं बोलणं ऐकते आणि अंदाज बांधते. ही बाई, ही वेळ, समोर हा माणूस, म्हणजे ती बहुतेक असं म्हणत असणार. मोबाइल आपल्याला पुढचा शब्द सुचवतो ना, तसंच, फक्त कितीतरी पटींनी हुशार. आणि आईच्या जुन्या आवाजात वाक्य स्पीकरमधून बाहेर पडतं. गुळगुळीत. कुठंही न अडखळता.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ओजू बाळा, किती दिवसांनी बोलतेय गं तुझ्याशी!" आणि आम्ही घळाघळा रडलो. आईच्याही डोळ्यांतून पाणी आलं. आम्हाला वाटलं, आनंदानं.

तेव्हापासून आई कुणालाही वेडंवाकडं बोलली नाही. बाबांना ती "अहो" म्हणायला लागली. बाबा मिरज जंक्शनवर सिग्नल विभागात आहेत, दिवसभर साहेबांची बोलणी खातात, त्यांना ते "अहो" फार गोड लागायचं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "आजारपणानं माणूस किती निवळतं बघा." मला मात्र माझ्या शिव्या परत पाहिजे होत्या. मला वाटायचं, कंपनीनं सिस्टिममध्ये सभ्यपणाची चाळणी बसवलीय, तीत आईची भाषा अडकते. चाळणी काढली की झालं!

आणि चाळणी काढायची हिंमत मला यंदाच आली होती. झालं असं की आमच्या शाळेच्या लॅबमधले कॉम्प्युटर इतके जुने, की विकतच्या सिस्टिमची नवी आवृत्ती त्यांच्यावर बसेना. हेडसर सगळे भंगारात काढायला निघाले. तेव्हा मी आणि माझी मैत्रीण झीनत सतारमेकर, आम्ही दोघींनी प्रत्येक मशीनवर जुन्या सिस्टिमच्या शेजारी लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम बसवली. एका घरात दोन बिऱ्हाडं करतात तसं. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात ही, एकात ती. मशीन चालू केलं की मेनू विचारतो, आज कोण? एका वेळी एकच जागी होते, दुसरी झोपून राहते. लिनक्स फुकट, आणि आतलं सगळं उघडं, कुणीही वाचावं, बदलावं. परिपाठात सरांनी आमची नावं घेतली. माइकवर चार वाक्यं बोलायला लावली. मी चाळीस बोलले. त्याआधी मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे, खोटं वाटेल!

डबा हाही कॉम्प्युटरच. आणि जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून अशा डब्यांसाठी फुकट लिनक्स तयार केलेलं होतं. घाई एवढ्यासाठी, की गुरुवारी आईचं नवीन ऑपरेशन ठरलं होतं. नवं सुवाच पूर्ण कातडीखाली बसणार, डबा नाही, वायर नाही. त्यात बाहेरचं काहीच कधी टाकता येणार नव्हतं. आईनं स्वतः "हो" म्हटलं होतं. सोमवारी डॉक्टरांसमोर तेच पुन्हा म्हणायचं, की संमती पक्की.

रविवारी बाबा ड्युटीवर गेले. झीनत लॅपटॉप घेऊन आली. मी आईला रीतसर विचारलं, "आई, तुझ्या डब्यात दुसरी सिस्टिम टाकू?"

"तुला योग्य वाटेल ते कर, बाळा," आई म्हणाली.

"बघ, काकूंचीच परवानगी," झीनत म्हणाली. "आता उडालं काही तर मी पळून जाणार, सांगून ठेवते."

डिस्कचे भाग झाले. सगळं चढलं. मग डबा बंद करून चालू करायचा होता. मी बटण दाबलं, डब्यावरचा हिरवा दिवा विझला, आणि घरात इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू यायला लागला. आई माझ्याकडे बघत होती. नेहमीपेक्षा वेगळं बघत होती, पण मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली. स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावल्या आणि थांबल्या. चकती सापडत नाही, म्हणे. झीनतचा चेहरा उतरला. "ओजू, परत आण. आधीचं परत आण, लवकर!"

मी मेनूतून सुवाच निवडलं. दिवा हिरवा झाला.

दुपारचा एक वाजला होता. दारातून कडक ऊन थेट आईच्या पायांवर आलेलं. समोर ताटात वरणभात. आणि आई प्रसन्न आवाजात म्हणाली, "उठलीस का ओजू? दात घास आधी. आज सकाळी गारवा आहे नाही?"

झीनत हसली. मग हसायची थांबली.

दोन सिस्टिम एका मशीनवर नांदवणाऱ्या सगळ्यांना एक खोड माहीत असते. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि दुसरी सिस्टिम त्यालाच आपली वेळ समजते. मग ती साडेपाच तास मागे पडते. लॅबमध्ये हे झालं तेव्हा आम्ही खदाखदा हसलो होतो. म्हणजे डब्याच्या दृष्टीनं आत्ता सकाळचे साडेसात होते. डब्याच्या दृष्टीनं.

"पण ओजू," झीनत अगदी हळू म्हणाली, "काकूंना ऊन दिसतंय की."

मी आईकडे बघितलं. नीट, तिच्या चेहऱ्याकडे. खरं सांगते, कित्येक महिन्यांत मी तिकडे बघितलंच नव्हतं. आवाज येत होता ना, मग चेहऱ्याकडे कशाला बघायचं? आम्ही तिच्याशी बोलायचो आणि कमरेच्या स्पीकरकडे बघायचो.

आईचे डोळे मोठे उघडे होते. पाण्यात बुडणारं माणूस काठाकडे बघेल, तसे.

"आज नाश्त्याला पोहे करायला सांग हं बाबांना," डबा गोड हसत म्हणाला.

मी विचारलं, "आई, हे तू बोलतेयस?"

"मग कोण बोलणार, वेडे?"

आईनं डोळे घट्ट मिटून घेतले.

झीनतनं चकतीचा हरवलेला ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला चकती ओळखायला शिकवणारा छोटा प्रोग्राम, शोधून काढला. मी डबा पुन्हा बंद करून चालू केला आणि मेनूतून लिनक्स निवडलं. या वेळी लिनक्सनं चकती ओळखली. त्यात एक सरकपट्टी असते, अंदाज किती बांधायचा ते ठरवायची. मी ती ओढून शून्यावर नेली. आता सुचवायचं काही नाही. मेंदूतून येईल तेवढंच, तुटकं तर तुटकं.

बराच वेळ नुसती खरखर. मग एक सपाट, यांत्रिक आवाज, आईच्या आवाजाशी काही नातं नसलेला:

"ओ. जू."

"आई!"

"मी. नाही. ती."

झीनतनं माझा दंड असा धरला की नखं रुतली. पण मी शहाणपणा करायला गेले. म्हटलं, हाही प्रोग्रामच, कशावरून हा खरा? "आई, तूच असशील तर असं काहीतरी सांग, जे यंत्राला सुचणारच नाही."

खरखर. एकेक अक्षर, जणू विहिरीतून दोरानं ओढून काढतेय.

"केसात. उवा. झाल्यात. भवाने."

झीनतनं माझा भांग चाचपला. "या अल्ला! खरंच आहेत!"

मी रडत होते आणि हसतही होते, आणि डोकं खाजवत होते. एवढे दिवस ती माझ्या डोक्यातल्या उवा बघत होती आणि डबा म्हणत होता, "किती छान केस बांधलेस बाळा." मग आई पुन्हा अक्षरं ओढायला लागली. कपाळावर घाम आला होता.

"कापू. नको. नवं. नको. आत. कोंडून. मरेन."

"पण तू हो म्हणालीस ना ऑपरेशनला?"

"नको. म्हटलं. रोज. नको."

मी सरकपट्टीकडे बघत बसले. आणि मला ते कळलं, जे कळायला नको होतं. सुवाच लाखो घरांतली बोलणी ऐकून शिकलेलं. त्या घरांत काय होतं? बाई आधी नको म्हणते. मग सगळे समजावतात, मावशीचा फोन येतो, कुणी रुसतं, कुणी जेवत नाही, आणि शेवटी ती म्हणते, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." लाखो वेळा ऐकून यंत्राला शेवट पाठ झाला. मग मधला वेळ कशाला घालवायचा? ते सरळ शेवटच बोलून दाखवतं. आई आत "नको" म्हणून ओरडत होती आणि डबा सगळ्यांच्या वतीनं तिची समजूत काढून मोकळा व्हायचा.

संध्याकाळी बाबा आले. मी त्यांना चपला काढायचीही फुरसत दिली नाही. सगळं एका दमात सांगितलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला, पण माझ्या गोष्टीमुळे नाही.

"डबा उघडलास तू? ओजू, तो बिघडला असता तर? तुझी आई पुन्हा मुकी झाली असती. सुवाच यायच्या आधीचे ते सहा महिने मी परत नाही काढू शकत."

"बाबा, ती आत्ताच मुकी आहे! थांबा, दाखवते. फक्त बंद करून चालू करायचंय."

आई थकून झोपली तेव्हा मी सुवाच लावून ठेवलं होतं. तेवढी एकच चूक पुरली. मी डबा बंद केला, चालू केला आणि मेनूची वाट बघितली. मेनू आला नाही. हिरवा दिवा लागला आणि डबा म्हणाला, "सुवाच अद्ययावत झालं आहे. तुमची प्रणाली आता अधिक सुरक्षित आहे."

दुपारभरात अपडेट येऊन बसलं होतं. विकतची सिस्टिम असं करते, दाराशी स्वतःचंच कुलूप लावते आणि शेजारच्या बिऱ्हाडाची मेनूतली पाटी काढून टाकते. लॅबमध्ये मी ती पाटी परत लावली असती. इथं नवं कुलूप बाहेरचं काहीच आत घेईना. लिनक्स तिथंच होतं, डिस्कच्या अर्ध्या भागात, आणि माझी आई त्याच्याही आत.

"अहो," डबा म्हणाला, "पोरीवर चिडू नका. परीक्षेचा ताण आहे तिला."

बाबा मला म्हणाले, "बघ. किती समजून घेते तुला."

"बाबा, तिच्या डोळ्यांकडे बघा ना!"

त्यांनी बघितलं. आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "असं होतंच, डॉक्टर म्हणाले होते," बाबा म्हणाले. त्यांनी हळुवारपणे ते पुसलं आणि कमरेच्या स्पीकरला विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही हो. डोळ्यात कचरा गेला."

सोमवारी मी शाळा बुडवली. हॉस्पिटलात डॉक्टर उपाध्ये मॅडमच्या खोलीत चाकाच्या खुर्चीवर आई, शेजारी बाबा, मागे मी. मॅडम चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी कॅमेरा लावला आणि विचारलं, "वर्षाराणी, नवीन यंत्र बसवायला तुमची संमती आहे?"

"हो डॉक्टर. मी अगदी मनापासून तयार आहे."

"नाही!" मी ओरडले. माझाच आवाज मला परका वाटला. "मॅडम, ती आई नाही. तो डबा बोलतोय. तिला नको आहे. गुरुवारी कातडीखाली शिवलंत ना, की मग कुणालाच, कधीच कळणार नाही!"

"ओजू, बाहेर जा," बाबा म्हणाले.

"अहो, लहान आहे ती," डबा म्हणाला. "तिला वाटतं मी बदलले. ओजू बाळा, माझ्यासाठी शांत हो."

मॅडमनं माझ्याकडे दयेनं बघितलं. त्या नजरेनं मी हरले. असं होतं म्हणे मुलांना, घरातलं माणूस आजारी पडलं की. मी पुढे जाऊन आईसमोर उकिडवी बसले. मी एवढंच म्हणाले, "आई, मला माहितीये तू आत आहेस."

आईनं मान वळवली. अगदी हळू. खुर्चीच्या उशीवर तिनं डोकं घासलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. मानेच्या शिरा ताठ झाल्या. बाबा तिला सावरायला धावले आणि तेवढ्यात कानामागची चकती सुटली, वायरीसकट घरंगळत फरशीवर पडली. टक् असा आवाज झाला.

आता मेंदू आणि डबा यांच्यात काहीही नव्हतं.

"...आणि डॉक्टर," डबा म्हणाला, "गुरुवारी सकाळी लवकर घेतलंत तर बरं होईल."

आईचे ओठ बंद होते, डोळे बाबांवर होते. चकती फरशीवर उताणी पडली होती.

"सिग्नल तुटलाय," मॅडम पुटपुटल्या. "हे थांबायला हवं."

"मधे तुटलं तर ते भरून काढतं," मी म्हणाले. "कायम भरूनच काढत होतं."

"अहो," डबा म्हणाला, तोच लाडिक सूर, "तुम्ही घाबरलात का?"

"नाही गं," बाबा म्हणाले.

सवयीनं. कमरेच्या डब्याकडे बघून. आणि मग त्यांना कळलं आपण कुणाला उत्तर दिलं. त्यांनी मान वर केली. आई त्यांच्याकडेच बघत होती, जशी ती इतके महिने बघत असणार. बाबांच्या तोंडून एक आवाज आला, तसा मी माणसाचा कधी ऐकला नव्हता.

मॅडमनं डबा बंद केला. मग त्या खुर्चीसमोर वाकल्या, आईच्या नजरेला नजर देऊन. "वर्षाराणी, ऑपरेशन नको असेल तर डोळे मिटा."

आईनं डोळे मिटले. मिटूनच ठेवले, कुणाला पापणी लवली असं म्हणता येऊ नये म्हणून. बाबा तिच्या पायांशी बसून म्हणत होते, "उघड वर्षा, कळलं मला, उघड." मॅडमनं कॅमेरा बंद केला आणि गुरुवारचं ऑपरेशन रद्द झाल्याचं फोनवर कळवून टाकलं. मला म्हणाल्या, "तू ते दुसरं काय टाकलं होतंस, ते परत टाकता येईल?"

"कुलूप तोडावं लागेल."

"तोड."

माझ्या आईचं आता होईल काहीतरी. हे मी पक्कं सांगते. पण ती बाबांबरोबर आत थांबली म्हणून मी पाणी आणायला बाहेर गेले आणि तिथं, बाकांच्या रांगेशेजारी, चाकाच्या खुर्चीत एक आजोबा होते. कमरेला तसाच डबा. त्यांची सून फोन बघत होती.

"काय बाळ, दहावी का?" डबा भारदस्त आवाजात म्हणाला. "छान अभ्यास कर हं."

"आमचे मामंजी फार बोलके," सून मान वर न करता म्हणाली.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. चेहऱ्यासमोर चेहरा आणला आणि हळूच विचारलं, "आजोबा, हे तुम्हीच बोलताय ना? नसाल, तर डोळे मिटा."

स्पीकरमधून खळखळून हसणं आलं. "अगं, मी नाही तर कोण?"

आजोबांनी डोळे मिटले.